उपाशी येळवस

येळवस आली की मलाच बोलायला लावायलाव कामून? बरं, ऐका.

गेल्या येळवशीला आमच्या कोहिनूर गावाहून सकाळीच निघालो. टेकडी चढून, झाडीतून, रमतगमत जुन्या दोस्ताच्या, मल्लप्पाच्या शेतात. येळवस म्हंजी मार्गशीर्षातली रानात जेवायची अमावस्या; त्या दिवशी चाळीस वर्षं मी त्याच्याच कडब्याच्या कोपीत बसून जेवलोय. वाटंवर शेताशेतातून हाका यायलत्या.

"काका, आंबील तरी घ्या."

"न्हाई, मला पुढं जेवायचंय."

एक अक्का चिडलीच. "आमची भज्जी कडू हाय व्हय?" तिलाबी न्हाई म्हणलो. पोट त्याच्यासाठी रिकामं ठेवलतं.

पोचलो तर रान पडीक, कोपीच न्हाई. शेजारचा म्हणला, "ते दिवाळीतच लेकाकडं पुण्याला गेले की. तुमाला बोलले न्हाईत?"

तिथंच बांधावर बसून फोन लावला. "कुठं हायस रे?"

"आज येळवस हाय व्हय?" तो म्हणला. "इथं कळतच न्हाई बघ." मग हळूच, "टेकडीवर बोरं लागली का रे?"

"लागलीत," म्हणलो अन् फोन ठेवला. तसाच उपाशी माघारी आलो.

पण मला न सांगता गेला, त्याची माफी अजून मागितली न्हाई मल्लप्पानं.