आमटीवरचा तवंग

माझं माहेर राहुरीकडचं, पाटपान्याचं, गुळमाट खानारं, आन दिलं इकडं कर्जतला. काय सांगू तुमाला, पहिल्याच घासाला डोळ्यांतनं पानी, सासू म्हनली माहेराची आठवन येतीया वाटतं, आठवन कसली डोंबलाची, ठसका लागल्याला. आमची ही शिपी आमटी, तशी डाळीचीच, पन वर लाल तेलाचा बोटभर तवंग पायजे म्हंजे पायजे, नायतर मान्सं पंगतीतच आचाऱ्याचा उद्धार करत्यात. आन आचारी कोन, तर आमचं मालक. लग्न असो, सप्ता असो, कढईवर त्ये आन लसूण सोलायला मी.

तर गेल्या साली शाळेच्या मैदानात हृदयरोगाचं शिबिर ठेवलं. आता आमच्याकडं जेवान न्हाई म्हनलं की कुत्रं फिरकत न्हाई, म्हनून सरपंचांनी आमटी सांगितली. पुढं बोर्ड, हृदय जपा, आन बोर्डामागं आमचं तेलाचं डबं. मी म्हनलं, मालक, हे बरं दिसतंय का? तर म्हनले, तू लसूण सोल.

डॉक्टरीणबाई भोंग्यावर सांगत हुत्या, छातीवर वजन ठेवल्यावानी वाटलं, घाम फुटला, डावा हात, जबडा दुखाय लागला तर पित्त म्हनून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. ऐकनारं कोन, समदी मान्सं वासाकडं नाक करून बसल्याली. मी एकटीच ऐकत हुते, आन मालकांकडं बघितलं तर एक हात छातीवर, दुसऱ्यात सोड्याची बाटली, आन घाम नुसता निथळतोय. काय हुतंय वो? म्हनले पित्त हाय. डावा हात? म्हनले पळी धरून भरून आलाय. जबडा? म्हनले तुज्याशी बोलून दुखतोय. बघा, जीव जायची येळ, पन टोमना सुटला न्हाई.

मी कढईतली पळी हिसकली आन तशीच मांडवात पळाले. झालं! पळी बघितली आन मान्सांला वाटलं वाढाय घेतलं, समदी सभा उठली, रांगा धरून खाली बसली, डॉक्टरीणबाई एकट्याच भोंग्याम्होरं उभ्या. मी वरडतीया, आवो मानूस जातोय माझा, तर एक म्हातारा म्हनतोय, आदी तर्री इकडं घे. अशी पळी हानली त्याच्या पत्रावळीवर! मग बाई धावल्या, छातीला वायरी लावून काळजाची पट्टी काढली, गोळी चघळाय दिली, आन शिबिराच्याच गाडीत घालून नगरला धाडलं.

गाडीत मी त्यांचा हात धरून बसलेले, खोटं कशाला बोलू, लई भ्याले. मालक डोळं मिटून पडल्याले. म्हनलं बोला वो, शिव्या द्या पन बोला. तवा हळूच म्हनले, आमटी खाली लागली असंल.

काळजाच्या नळीत जाळी बसवली, मालकांची तंबाखू सुटली, आन आता कढईवर मी असते. यंदा शिबिराला मी सांगितलं, पट्टी काढल्याबिगर पंगत न्हाई. मुकाट रांगंत हुबी ऱ्हायली समदी, तो म्हातारा पयला. तवंग मी काढून टाकते. पंगतीत कुरकुर हुती, हुंदे.

मालक रोज चालून येत्यात, ताटावर बसत्यात, एक घास घेत्यात आन म्हनत्यात, ह्याला काय चव हाय व्हय? मी म्हनते, नसंना का चव, नावं ठेवायला मानूस ताटावर हाय. देव करो आन तुमच्याबी घरी अशीच रोज कटकट चालू ऱ्हावो.