ती पेशी ताईचीच होती

ग्रां बुआ गावच्या माझ्या माणसांनो, थोरामोठ्यांनो, बायांनो,

आज आपली बैठका, गावाचं हे सभागृह, भरून गेलीय. भावजींना तेवढाच धीर आला असेल. मला मात्र बोलणं जड जातंय. पण माझी थोरली बहीण शेवंताताई असती तर म्हणाली असती, "एरवी तोंड बंद होत नाही तुझं, आज काय झालं?" म्हणून बोलते. आणि स्पष्टच बोलते.

ताई कर्करोगाने गेली. कर्करोगाने! गावात कुणी हा शब्द तोंडातून काढत नाही, "तो आजार" म्हणतात. मी लोपितालमध्ये, रोग्यांच्या तपासण्या होतात त्या लॅबोरेटरीत कामाला आहे. गाठीचे पातळ तुकडे काचपट्टीवर रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली लावायचे, हेच रोजचं काम. कर्करोग कसा दिसतो ते मला ठाऊक आहे.

छातीतली गाठ कळली तेव्हा ताईने विचारलं, "खरं सांग गं, हे कुठून आलं माझ्यात?" मी म्हटलं, कुठून आलं नाही, ताई. ती तुझीच पेशी. चांगली पेशी गरजेपुरतीच वाढते. बोट कापलं तर जखम भरून काढते, भरली की थांबते. तिची वेळ झाली की मरते. कसं वागायचं त्याच्या सूचना तिच्या आतच असतात. वर्षानुवर्षांत त्यातली एक बिघडते, मग दुसरी, मग आणखी. मग ती थांबतच नाही. मरायचं तेव्हा मरत नाही. एकीच्या दोन, दोहोंच्या चार! चांगल्या पेशी काचेखाली एकसारख्या, शिस्तीत दिसतात. या वेड्यावाकड्या, मधलं केंद्रक मोठं, गडद. जागा सोडतात आणि रक्तातून जाऊन दुसरीकडे ठाण मांडतात.

ताई ऐकून हसली. "म्हणजे आमच्याच घरची, आणि कुणाचं ऐकत नाही. तुझ्यावरच गेली की गं!" आयो, एवढ्या दुखण्यात ही बाई मला चिडवत होती!

मग आता मला सांगा, ताईची पेशी तुमच्या मोदकात कशी येणार? यंदा गणपतीला आपण सगळ्या इथेच मोदक वळायला बसलो. ताईच्या लेकीने, मालतीने, पीठ मळायला घेतलं. "राहू दे पोरी, दमली असशील," असं गोड बोलून परात काढून घेतलीत ना? काय केलं होतं पोरीने? आईचं अंग पुसलं, आईच्या ताटात जेवली. मीही जेवले. हा रोग शिवून लागत नाही. उष्ट्याने लागत नाही. छातीठोकपणे सांगते, लागत नाही!

राग आलाय मला. हो, आलाय. तुम्ही माझीच माणसं, म्हणून तर आलाय. तुम्ही घाबरलात, ते मला कळतं. पण ताई शेवटपर्यंत दाराकडे बघत राहिली, कुणी येतंय का म्हणून. तिच्या लेकीला मी तसं बघत बसू देणार नाही.

चला, उभे राहा. आज हात जोडायचे नाहीत. शेजारच्याचा हात धरायचा आणि ताईसाठी थोडा वेळ गप्प राहायचं. मालती, ये, पुढे ये.

हिचा उजवा हात मी धरलाय. डावा मोकळा आहे.