कडू बी ओळखायची कशी

स्वी लिन : ...कृती लिहून ठेवायचं पहिलं ॲप फुकट होतं, पण त्यात फोटो टाकता येत नाहीत. दुसऱ्यात आपण सगळे एकाच वेळी बघू शकतो. इथे मलाक्कात मी, तिकडे सिंगापूरला तुझा लेक बून. म्हणून तेच घेतलं.

गेक नेओ : घेतलंससुद्धा? मग मला कशाला विचारतेस, चुलीला विचार!

स्वी लिन : कृती तुझ्या आहेत ना, आई. चल, केलुआकच्या बियांची कोंबडी. हळद किती?

गेक नेओ : पुरेल इतकी.

स्वी लिन : आकडा लागतो. त्याशिवाय पुढे सरकतच नाही हे.

गेक नेओ : मग राहू दे तुझं ॲप उपाशी. सासूबाईंनी मला आकडे सांगितले असते ना, तर पहिल्याच आठवड्यात माहेरी पळाले असते.

स्वी लिन : आई, सोमवारी ऑपरेशनमध्ये डॉक्टर तुझी जीभ काढणार आहेत. नंतर मी कोणाला विचारू?

गेक नेओ : ...लिही. अंगठ्याएवढी हळद. माझ्या अंगठ्याएवढी. तुझा म्हणजे नुसती काडी.

स्वी लिन : लिहिलं. बिया भिजवून झाल्या. पुढे?

गेक नेओ : फोडायच्या. काळा गर काढून एकेक चाखायचा. एक कडू गेली की अख्खं पातेलं गेलं. परवा नववर्ष, तुझ्या बाबांच्या तसबिरीपुढे काय ठेवायचं मग?

स्वी लिन : कडू ओळखायची कशी?

गेक नेओ : कशी म्हणजे? जिभेने. ही बघ... हं, उत्तम. तेलकट, गोडसर. जाऊ दे वाडग्यात.

स्वी लिन : थांब, मलाही चाखू दे.

गेक नेओ : तू नको. माझ्यावर भरवसा नाही?

स्वी लिन : आहे गं. आण इकडे... थू! आई, जहर आहे ही!

गेक नेओ : एखादी निघते तशी. दुसरी घे.

स्वी लिन : हीपण कडू. आई, वाडग्यात किती टाकल्यास अशा?

गेक नेओ : ...रंग बघून टाकत होते.

स्वी लिन : कधीपासून चव लागत नाही तुला?

गेक नेओ : बूनच्या लग्नापासून.

स्वी लिन : लग्नात तर सगळा स्वयंपाक तुझाच होता!

गेक नेओ : होता ना. पळी तोंडाला लावायची, मान डोलवायची. सगळे बोटं चाटत होते. हाताला सवय असते गं. या बियांपुढेच काय ते हाताचं चालत नाही.

स्वी लिन : तेव्हाच बोलली असतीस तर डॉक्टरांनी...

गेक नेओ : माहीत आहे. पण बोलले असते, तर तुम्ही त्याच दिवशी मला चुलीपुढून उठवलं असतंत.

(स्वी लिन फोन उलटा ठेवते.)

स्वी लिन : वाडगं ओतून टाकू?

गेक नेओ : टाक. उरलेल्या बिया आण. मी फोडते, तू चाख.

स्वी लिन : मला नाही जमायचं, आई.

गेक नेओ : ही घे. जिभेवर फिरव. लगेच थुंकू नकोस... हं. कशी आहे?

स्वी लिन : चांगली आहे.

गेक नेओ : चांगली म्हणजे कशी? नीट सांग ना, पोरी. सावकाश सांग.