चार हजार पेसोंचा आंबा

...नाही, वस्तूला मी नाव ठेवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण इथे फिलिपीन्सात, आमच्या इलोइलोत, तोंड उघडायच्या आत लोक म्हणतात, रोडेलियोला गंडवलं, रोडेलियो खुळा, चार हजार पेसो मोजून व्हेप, ती बॅटरीवरची सिगारेट, कोण घेतं, कोपऱ्यावर अडीचशेत मिळतो, ओढायचा, संपला की फेकायचा... अहो, मला नाही का ठाऊक? दिवसभर पाण्याचे जार पोचवतो मी, गल्ली न् गल्ली पाठ आहे, कुठल्या जिन्याखाली कोण काय फुंकतं तेसुद्धा पाठ आहे, अडीचशेवालाच तर ओढत होतो इतकी वर्षं! पण वस्तू चांगली होती. अजून चांगली आहे. फक्त आता ती माझ्याकडे नाही.

तुम्हाला सांगतो, भानगड वस्तूची नव्हतीच, भानगड माझ्या जिभेची होती, आणि जिभेची तरी कशाला म्हणू... मार्चमध्ये बाबा गेले. छातीनं गेले, जन्मभर सिगारेट ओढली, शेवटी शेवटी जिना चढले की पाचव्या पायरीवर बसून सगळ्यांना दम भरायचे, म्हणजे स्वतःला दम लागलाय हे कळू नये म्हणून. तर गेले. आणि गेलेला माणूस पेटीत घालून घरात ठेवलेला असतो तेव्हा आमच्याकडे काय काय करायचं नसतं ते माहीतच आहे. केर काढायचा नाही, आलेल्याला दारापर्यंत सोडायला जायचं नाही, त्याचे आभार मानायचे नाहीत. मग मी करायचं काय? मी कॉफी ओतली. जो येईल त्याला कॉफी, बिस्किटं, रात्रभर जागायला पत्ते खेळणाऱ्यांना पुन्हा कॉफी. रडलो नाही. रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं हो, आलंच नाही. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "बापाच्या पेटीशेजारी उभा राहून साखर किती विचारतोय. दगड आहे हा." आई म्हणाली, "असू दे, ताई. त्याला उशिरा येईल."

उशिरा म्हणजे कधी? एप्रिल गेला, मे गेला. दुःख येईना ते येईना, उलट जे होतं ते जायला लागलं. आधी चव गेली. मासा खातोय, पाणी. भात खातोय, पाणी. मार्लिननं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा मुद्दाम सूपमध्ये मूठभर मिरच्या टाकल्या आणि समोर बसून बघत राहिली. मी वाटी संपवली, छान झालंय म्हणालो, आणि ती उठून मोरीपाशी जाऊन रडली. बघा, तिलासुद्धा येतं.

"डेल, तू आहेस का रे घरात?" असं विचारायची ती, मी समोर बसलेला असताना. आता यावर माणसानं काय उत्तर द्यायचं? आहे म्हणालो.

आणि व्हेपचीही चव गेली. तेव्हा मात्र मी जरा हललो, कारण मासा बायको करते, भात बायको करते, पण व्हेप मी माझ्या पैशानं घेतो! मग गेलो जूनेलकडे. जूनेलचं दुकान बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काचेची कपाटं, आत निळे दिवे, जूनेल स्वतः एसीत स्वेटर घालून बसलेला. माझा अडीचशेवाला त्यानं दोन बोटांत धरला, मेलेलं झुरळ धरतात तसा, आणि म्हणाला, "दादा, राग नका मानू, पण तुम्ही आजवर व्हेप ओढलाच नाहीत. तुम्ही प्लास्टिक ओढलंत."

मी म्हटलं, चव लागत नाही.

"कशी लागेल? स्वस्तात चव नसतेच, दादा. स्वस्तात नुसती वाफ असते." मग कपाटाला किल्ली लावली, मखमलीच्या डबीतून ती वस्तू काढली. अहो, काय वस्तू... हाताला गार, वजनदार, कोपरे असे की अंगठा आपोआप बसतो. "हिला बटणच नाही. हिला श्वास कळतो. ओठ लावा, ती पेटते. बाळाच्या फुंकरीएवढा वारा आत गेला तरी कळतं तिला, इतकी हळवी. आणि रस कुठला देतोय? गिमारासचा आंबा. डोळे मिटा, झाडाखाली बसाल." मी मनात म्हटलं, इतकी हळवी वस्तू घरात एक तरी असावी. दिले चार हजार.

घरी मार्लिननं काय म्हणावं? तिनं खिडकी उघडली आणि बोट दाखवलं. "गिमारास ते बघ, समोर. पाण्यापलीकडे. बोट दर थोड्या वेळानं सुटते. जायचं, आंबा खायचा, यायचं. चार हजारांत बागेच्या मालकानं तुला जावई करून घेतला असता."

बरोबर आहे तिचं. पण खरा आंबा मी खाऊन बघितला होता ना! तोही पाणी. म्हणून तर चांगल्यातला घेतला.

आणि नवी वस्तू घेतली की आमच्या गल्लीत ती ओली करावी लागते, माणसं बोलवायची, खाऊपिऊ घालायचं, नाहीतर वस्तू लाभत नाही म्हणतात, म्हणजे आमंत्रण नसलेले लोकच हे म्हणतात. तर सगळे आले आणि सगळ्यांनी ओढली. काका बोनी, बाबांचे धाकटे भाऊ, त्यांनी एक झुरका घेतला, डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. "पिकलेला आहे," म्हणाले. "झाडावर पिकलेला. देठाजवळचा भाग." शेजारची बाई म्हणाली, मला माझं माहेर आठवलं. आमचा मासेवाला, जो आयुष्यात कशाला चांगलं म्हणाला नाही, तो म्हणाला, हं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओढली. दिवा निळा पेटला, वाफ आली, दाट, सुंदर...

ऊन हवा. बस. दुपारी बंद टपरीत उभं राहिल्यासारखी नुसती ऊन हवा.

"कशी आहे?" काका म्हणाले. मी म्हणालो, आंबा आहे. दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून मी खिशातून वस्तू काढून लोकांनाच द्यायला लागलो, घ्या, ओढा, सांगा कशी आहे. त्यांना आंबा लागायचा, मी त्यांची तोंडं बघायचो. चार हजार माझे, आंबा गावाला. पण वस्तूला नाव ठेवत नाही मी, ती आपलं काम चोख करत होती.

एक चूक मात्र झाली. आई कोळंबी सोलत बसली होती, मी बाजूला बसून ओढत होतो, आणि ती म्हणाली, "बापाची गत बघितलीस ना? तरी ओढतोस?" तर मी आपलं जूनेलचं पाठ झालेलं बोललो. "आई, ही सिगारेट नव्हे. यात धूरच नाही, वाफ असते. त्यातून ही महागातली आहे, छातीला काही होत नाही." आता हे मला तरी कुठे ठाऊक होतं? काहीतरी बोलायचं म्हणून माणूस बोलतो.  आई कोळंबी सोलत राहिली. पण तुम्हाला सांगतो, आमची आई ऐकते. बोललेलं जपून ठेवते आणि बरोबर वेळेला काढते.

वेळ आली नोव्हेंबरच्या एक तारखेला, गेलेल्यांना जेवू घालायच्या दिवशी. सगळं गाव दफनभूमीत. बाबांचं हे पहिलंच वर्ष. बाबा तिसऱ्या मजल्यावर आहेत, म्हणजे एकावर एक कप्पे असतात ना भिंतीत, खालचे महाग, वरचे स्वस्त, बाबांना वरचा मिळाला, जिना चढवत नव्हता त्या माणसाला! मी रखवालदाराकडून शिडी आणली, कप्प्याला पांढरा रंग दिला, मेणबत्त्या लावल्या, वरच, कप्प्यापुढच्या अरुंद कट्ट्यावर ताटली ठेवली. पानात बांधलेला गोड चिकट भात, भाजलेला मासा, पेलाभर रम. सगळं नीट चाललं होतं. मला काही वाटत नव्हतं, पण नीट चाललं होतं.

काका बोनींनी खिशातून सिगारेट काढली. आजोबांना आम्ही दरवर्षी ठेवतो, पेटवून, काडीवर उभी करून. आई म्हणाली, "ती नाही."

"वहिनी, आयुष्यभर ओढली त्यानं."

"आणि कशानं गेला? तिकडेही त्याला खोकत बसवू का मी?" मग माझ्याकडे वळली. "डेल, तुझं ते काढ."

"काय ते?"

"ते महागातलं. त्यानं छातीला काही होत नाही म्हणालास ना तू?"

आता सांगा, काय बोलायचं? चाळीस नातेवाईक, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. आत्या तर पुढेच सरकली, दगड काय करतो बघायला. मी म्हटलं, आई, ते वाऱ्यापावसाचं... आई म्हणाली, "जन्मात त्यानं एक महाग वस्तू वापरली नाही रे. चपलासुद्धा तुझ्या जुन्या घालायचा." मार्लिननं कोपरानं ढोसलं. मी शिडी चढलो. म्हटलं, ठेवू. भात मुलं खातात, रम काका पितात, तशी संध्याकाळी उतरवून घेऊ, कोणाला कळतंय? ताटलीत माशाशेजारी वस्तू उभी केली, तोंड वर करून, आणि खाली उतरलो.

आणि समुद्राकडून वारा सुटला.

दिवा पेटला. निळा. आपोआप! मघाशी म्हटलं ना, बटण नाही, श्वास कळतो. वारा थांबला, दिवा विझला. वरून वाफेची एक बारीक रेघ निघाली आणि आंब्याचा वास खालपर्यंत आला. म्हणजे आला असणार, कारण सगळ्यांनी नाकं वर केली. परत वारा, परत दिवा. थांबून थांबून, एखाद्या दमेकऱ्यानं ओढावा तसा.

 आई वर बाबांच्या कप्प्याकडे बघून म्हणाली, "हळू ओढ, अन्सेल्मो. कोणी हिसकावून घेत नाहीये."

तर तेव्हा, तुम्हाला सांगतो, मला काहीतरी झालं. मार्चपासून पहिल्यांदा. मला वाटलं, हेच ते दुःख, आलं एकदाचं. पण तो राग होता! अहो, माझी वस्तू, चार हजार माझे, दुपार न् दुपार जार वाहून मिळवलेले, मी ओढतो तर ऊन हवा, गल्ली ओढते तर आंबा, आणि आता हे! मेले तरी यांना चव लागतेय आणि मला नाही! खोकून खोकून आम्हाला रात्र रात्र जागवलं, सोड म्हटलं तर दम भरला, एकदाही माझं ऐकलं नाही, आणि आता माझीच ओढतायत, तिसऱ्या मजल्यावर बसून, आरामात... मी ओरडायला तोंड उघडलं आणि हुंदका आला. मग दुसरा. मग थांबेचना. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो आणि लहान मुलासारखा भोकाड पसरून रडलो. आत्यानं माझं डोकं पोटाशी धरलं. "आलं ग, आलं त्याला," म्हणाली. आई म्हणाली, "मी सांगितलं होतं." मार्लिननं हातात भाताची एक पुडी दिली, मी रडता रडता खाल्ली. साखर जास्त झाली होती. तसं बोललो. तर तीही रडायला लागली.

आता मी बाबांसाठी रडलो की वस्तूसाठी, हे मला विचारू नका. मलाच माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर विचारत बसायची भीती वाटते.

संध्याकाळी शिडीला हात लावला तर आई म्हणाली, "कुठे?" म्हटलं, वस्तू. "त्याची आहे ती आता," म्हणाली. "दिलेलं परत घेतात का?" काका बोनी पेलाभर रम पिऊन मोकळे झाले होते, त्यांना कोणी काही विचारलं नाही. रखवालदारानं तिला तारेची छोटी जाळी करून दिली, चोरीला जाऊ नये म्हणून, वारा मात्र जातो.

तर असं आहे. मी आता काहीच ओढत नाही. अडीचशेवाला परत घ्यायला मन होत नाही आणि दुसरी चार हजारांची घेतली तर आई म्हणेल, आता आजोबांनाही दे. जेवण बरं लागतंय, मार्लिन मिठात जरा हात आखडता घेते हे इतक्या महिन्यांनी कळलं, तेही सांगायची सोय नाही. लोक विचारतात, महागातली घ्यावी का, पैसे वसूल होतात का? आता काय सांगू... वस्तूला मी नाव ठेवत नाही. पण तिचं चार्जिंग आठवडाभरच टिकतं, आणि संपत आलं की दिवा निळ्याचा लाल होऊन लुकलुकतो. मग दर रविवारी आईचा फोन येतो. हा बघा, आलाच.

"हो आई... हो, बघितलं असेल रखवालदारानं... लाल? बरं. बाबांना म्हणावं, जरा दम धरा. शिडी घेऊन निघतोय."