भागीबाईच्या दारातला नळ

अपूर्वा : पण मावशी, फोन तुम्हीच करा ना. लेक तुमची आहे.

भागीबाई : माझ्यानं बोलणं व्हायचं नाय. तू इंजिनेर हाय, तू सांग. पाड्यावर नळ आला, बारा महिने पाणी हाय, असं सांग.

अपूर्वा : बारा महिने असं कसं सांगू? मे महिन्यात दरीतला झरा बारीक होतो. आम्ही पंप बसवला, टाकी बांधली, पण झऱ्याला पाणी किती येईल ते आमच्या हातात नाही. तेव्हा सकाळी एकदाच नळ येईल.

भागीबाई : एकदा तर एकदा. पण दारात येईल ना? दरीत उतरायचं नाय ना?

अपूर्वा : नाही. दरीत उतरायचं नाही.

भागीबाई : मग तेवढंच सांग. तिथंच पडली ती. पोटुशी होती, चार दिस माहेराला म्हणून आली होती. मी म्हणलं, बसून राहा. ऐकली नाय. म्हणे, आई, तुझे गुडघे दुखतात, एक खेप मी करते.

अपूर्वा : आणि बाळ?

भागीबाई : गेलं. तवापासून ती हिकडं आली नाय. सातपूरला असती. नवरा ललित, वर्कशॉपात हाय. दिवाळीला कोणाच्या तरी हाती साडी धाडती. मी एकीचीबी घडी मोडली नाय.

अपूर्वा : सातपूरला? अहो, हे पाण्याचं काम करणारे आम्ही चौघंही तिथल्याच कंपनीत आहोत. दर रविवारी तिथूनच तर येतो. आधी सांगितलं असतं तर मी भेटून आले असते.

भागीबाई : काय सांगणार होते? तवा नळाचे नुसते खड्डे होते. आता तिला पुन्हा दिवस गेलेत. भिकनची बायको सांगत होती, सातवा लागलाय. लेकीनं बाळंतपणाला आईकडं यावं ना, बाई?

अपूर्वा : नंबर सांगा. स्पीकर लावते.

(फोन लागतो.)

मीना : हॅलो, कोण?

अपूर्वा : मी अपूर्वा. तुमच्या पाड्यावर पाण्याचं काम करतो ना, त्या ग्रुपमधली. तुमच्या आई इथे शेजारीच बसल्यात.

मीना : आईला काही झालंय का?

अपूर्वा : नाही, बऱ्या आहेत. आज नळाला पाणी आलं. तुमच्या दारात.

मीना : टाकी तर आमच्या लहानपणीपण बांधली होती. तिच्यात पाणी कधी आलंच नाही. आम्ही पोरं आत लपाछपी खेळायचो.

अपूर्वा : पाहिली मी ती. ही नवीन आहे, वरच्या बाजूला. उन्हाळ्यात पाणी कमी येईल, खोटं नाही सांगत. पण दरीत जावं लागणार नाही.

मीना : आईनं सांगितलं वाटतं तुम्हाला.

अपूर्वा : हो.

मीना : ताई, बाळंतिणीला रोज अंघोळ लागते. दुपटी धुवायची असतात. आणि संडासला काय, अंधारात रानात जायचं?

अपूर्वा : घरामागे संडास आणि मोरी, दोन्ही बांधलंय. सिमेंटवर मारायचं पाणी तुमच्या आईच दरीतून आणायच्या. आम्ही नको म्हणायचो.

मीना : त्या गुडघ्यांनी?

अपूर्वा : ऐकत नव्हत्या.

मीना : माझं नाव इथल्या दवाखान्यात घातलंय. डिलिव्हरी इथंच होईल.

भागीबाई : होऊ दे ना तिथंच. चांगलं हाय. मागनं ये.

मीना : आई?

भागीबाई : हां. हाय मी.

मीना : तू कधी ये म्हणाली नाहीस.

भागीबाई : कोणत्या तोंडानं म्हणणार होते? हंडाभर पाण्यापायी तुझं लेकरू गेलं.

मीना : मी आलेपण नसते. पण दर सणाला वाटायचं, आईचा निरोप येईल. साडी पाठवली की नुसती नागली यायची परत.

भागीबाई : तुला नागलीची भाकर आवडती.

मीना : म्हणायचं तरी होतंस, आई.

भागीबाई : आता म्हणते. ये, मीना.