रिहेमचं पहिलं भांडण

ट्युनिशियातल्या स्फॅक्स शहरात पावाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. एक म्हातारी मबरूका आणि दुसरी तिची शेजारीण सल्वा.

"काल तुमच्या घरातून कुणा परक्या पोरीचा आवाज येत होता गं?"

"परकी कसली, मावशी! आमची रिहेम बापाशी भांडत होती."

"रिहेम? तिला तर जन्मापासून वाचा नाही!"

"शाळेत बाईंनी तिला टॅबलेट शिकवलाय. ती बोटानं लिहिते आणि तो मोठ्यानं बोलतो. हे म्हणायचे, खेळणं आहे. सहावीची परीक्षा नको, शिवण शिकू दे."

"मग?"

"काल जेवताना तिनं टॅबलेट पुढे ओढला. 'बाबा, शिवण तुम्ही शिका. मी परीक्षेला बसणार.'"

"अगंबाई! बापाला असं?"

"हे ओरडले, 'मला उलट बोलतेस?' आणि एकदम डोळे भरून आले हो त्यांचे. मग म्हणाले, 'पुन्हा बोल.' तिनं पुन्हा सुनावलं. तर यांनी उठून खिडकी उघडली. 'आता आणखी मोठ्यानं बोल, गल्लीला ऐकू दे!'"

"वेडाच आहे तुझा नवरा! आणि परीक्षेचं काय?"

"आज सकाळी स्वतः शाळेत जाऊन तिचं नाव देऊन आले. बाईंसाठी मक्रूदचा डबाही नेला होता. तर ही भर वर्गात टॅबलेटवर म्हणते, 'बाबा, मिठाई नंतर. याला खेळणं म्हणालात, त्याबद्दल आधी बाईंची माफी मागा.'"

"मागितली?"

"मागितली की! सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता."