एकतीस अक्षरं

माणसाच्या बुद्धीपुढे कोणतीही लिपी फार काळ गुपित राहू शकत नाही, असं डोळ्यांच्या दवाखान्यात एक जावई आपल्या सासऱ्यांना समजावून सांगत होता. शेजारच्या खुर्चीतल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी होती. कानांवर नव्हती.

"एकतीस अक्षरं आहेत, बाबा. एकोणतीस मी लावली."

"कुठल्या लोकांची लिपी ही?"

"कुणाचीच नाही. कॉम्प्युटरवरच्या एका गेमवाल्यांनी मनानं बनवलीय."

"मग त्यांनाच विचारा की."

"त्यात काय मजा? सात महिने डोकं घातलंय मी."

"धन्य आहात. आणि लिहिलंय काय?"

"गेममधल्या एका दारावर आहे ते. बहुतेक 'दार ढकला' असावं."

"ढकलून पाहिलंत?"

"बाबा, कुठलीही गोष्ट आधी नीट वाचायची असते."

"बरोबर. आम्ही आपले अडाणी."

तेवढ्यात नर्स आली.

"चला आजोबा, ऑपरेशनला. सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"खाल्लं की. जावईबापूंनी आग्रह करून दोन अंडी खायला घातली."

"अहो, भूल द्यायचीय. सूचनांचा कागद दिला होता ना?"

"त्यांच्याकडे दिला. घरात वाचणारे तेच."

"मग आज होणार नाही. पुढची तारीख दोन महिन्यांनी."

"ही मिळायला तीन महिने लागले होते, सिस्टर."

"माझा नाइलाज आहे, आजोबा."

"असू दे. जावईबापू, तोवर तुमची उरलेली दोन अक्षरं लागतील."

जावयानं खिशातून सूचनांचा घडी घातलेला कागद काढला आणि उलगडला. मुख्याध्यापिकाबाईंनी तो उघड्या डोळ्यानं शेजारूनच वाचला. एकूण चार ओळी होत्या, मोठ्या टायपात.